एकच नांद, पाच कापडं: घरी नीळ रंगवताना

मंजिष्ठा, डाळिंबाची साल, पळसाची फुलं हे रंग मी बरीच वर्षं घरच्या गॅसवर करते आहे. नीळ मात्र टाळत आले होते. बाकीच्या रंगांत कापड हिरडा-तुरटीत भिजवायचं, रंगाच्या पाण्यात उकळायचं, की झालं. नीळ पाण्यात विरघळतच नाही. कितीही उकळा, ती तळाशी बसते. चुन्यासारख्या क्षारात तिचं क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलटी रासायनिक क्रिया) झालं तरच ती विरघळते, पिवळट होते आणि कापडात शिरते. कापड बाहेर काढलं की हवेतल्या ऑक्सिजननं ती पुन्हा निळी होते आणि धाग्यातच अडकून बसते. म्हणून तिला तुरटी लागत नाही, हिरडा लागत नाही. लागते ती नीट तयार झालेली नांद, म्हणजे नीळ विरघळवलेल्या पाण्याचं पिंप, आणि धास्ती असते ती नांदेचीच. नांद लागली नाही तर हजारभर रुपयांची नीळ वाया जायची.

नोव्हेंबरात ठरवलं आणि एप्रिलपर्यंत नागपुरात आमच्या इमारतीच्या गच्चीवर हे काम चाललं. पाच कापडं घेतली: खादी, लिनन, तुतीचं रेशीम, कोसा (टसर रेशीम) आणि लोकर. एकाच नांदेत ही पाच काय करतात ते बघायचं होतं. ज्यांच्या मनात आहे पण हात धजत नाही, त्यांच्यासाठी झालं तसं क्रमानं लिहिते.

सुरुवात नीळ मागवण्यापासून. किराणा दुकानातली पांढऱ्या कपड्यांची नीळ इथे उपयोगाची नाही, तो वेगळा पदार्थ आहे. नीळ म्हणून जी पावडर ऑनलाइन मिळते ती झाडाची की कारखान्यातली, हेही विचारून घ्यावं लागतं. कृत्रिम नीळ जर्मनीत १८९७ पासून बाजारात आहे आणि रंगद्रव्याचा रेणू दोन्हींत एकच. फरक शुद्धतेत असतो. कृत्रिम पावडर जवळजवळ निव्वळ रंगद्रव्यच असते, तर झाडाच्या नीळीत पानांचा आणि मातीचा अंश बराच येतो, त्यामुळे तितक्याच वजनात रंग कमी. म्हणून विक्रेत्याकडे चाचणीचा अहवाल मागा. त्यात इंडिगोटिनचं, म्हणजे खऱ्या निळ्या रंगद्रव्याचं, प्रमाण टक्क्यांत लिहिलेलं असतं. मी तमिळनाडूत तिंडिवनम भागातल्या एका उत्पादकाकडून पाव किलो घेतली, ११०० रुपये. अहवालात ४० टक्क्यांच्या आसपास आकडा होता. घरच्या कामाला तो पुरेसा आहे.

पैसे भरले आणि पार्सल कुरिअरच्या गोदामात अडकलं. पावडर म्हणजे रसायन, असं त्यांचं म्हणणं. ओळखपत्राची प्रत, माल ज्वलनशील आणि विषारी नसल्याचं सहीचं घोषणापत्र आणि उत्पादकाचं सुरक्षा माहितीपत्रक, एवढं मागितलं. पहिली दोन कागदपत्रं मी त्याच दिवशी पाठवली, तिसऱ्यासाठी उत्पादकाच्या मागे लागावं लागलं. आठवड्याहून जास्त गेला. मागवतानाच विक्रेत्याला सांगा, की माहितीपत्रकाची एक प्रत पार्सलच्या वर चिकटवून पाठवा.

तोवर सोसायटीची परवानगी काढली. आमच्याकडे गच्ची वापरायची तर लेखी अर्ज लागतो आणि तो कमिटीच्या बैठकीत ठेवला जातो. सेक्रेटरी काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, “ताई, फरशीवर डाग पडला तर खर्च कोणाचा?” प्रश्न रास्त होता. अर्जात मीच अटी लिहून दिल्या: खाली ताडपत्री अंथरीन, पाण्याच्या टाकीपासून लांब बसेन, रंगाचं पाणी पावसाच्या पाइपात सोडणार नाही, डाग पडला तर खर्च माझा. बैठक दोनदा पुढे गेली, पण परवानगी एका पानावर शिक्क्यासह मिळाली. डिसेंबर अर्धा संपला होता.

चुन्यासाठी इतवारीच्या बाजारात गेले. दुकानदार म्हणाला, “पुताईचा पाह्यजे का पानाचा?” आपल्याला विझवलेला चुना हवा, कोरड्या भुकटीच्या रूपात. कळीचा चुना घरी विझवायच्या फंदात पडू नका, तो पाणी लागताच उकळतो आणि अंगावर उडतो. भुकटी घेतली तरी पिशवी हवाबंद ठेवायला हवी. हवेत राहिली की तिचा खडू होत जातो आणि नांदेत काही काम करत नाही. तोलताना हातमोजे, चष्मा आणि तोंडाला फडकं बांधा. एक किलो चुना ४० रुपयांत आला.

मग फ्रुक्टोज. नैसर्गिक रंगांची कामं करणारे बहुतेक जण आज फ्रेंच रंगतज्ज्ञ मिशेल गार्सिया यांनी रूढ केलेलं प्रमाण वापरतात: एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग फ्रुक्टोज. ही फळातली साखर गरम क्षारात नीळीचं क्षपण करते. चहाची साखर ते करत नाही. गूळ, खजूर, पिकलेली केळी यांनीही जमतं, पण वेळ लागतो आणि प्रमाण अंदाजानं घ्यावं लागतं. पहिल्या खेपेला मला अंदाज नको होते, म्हणून किलोभर फ्रुक्टोज घेतलं, ४५० रुपये. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की क्षारी, ते बघायच्या पट्ट्या १८० रुपये, झाकणाचं पिंप ६५०.

खादी वर्ध्याहून आणली, मगन संग्रहालयाच्या विक्री केंद्रातून. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते संग्रहालयाचं उद्घाटन झालं होतं, आणि तिथल्या भिंतींमध्ये उभं राहून नीळीसाठी कापड निवडताना बिहारमधलं चंपारण आठवलं नाही असं होणं कठीण. जमिनीच्या दर वीस कठ्ठ्यांतल्या (कठ्ठा हे तिथलं जमिनीचं माप) तीन कठ्ठ्यांवर नीळ लावलीच पाहिजे, ही तिनकठियाची सक्ती होती. जर्मन नीळ आल्यावर भाव कोसळले, तेव्हा मळेवाल्यांनी कुळांना या सक्तीतून ‘मोकळं’ करायचे पैसेही कुळांकडूनच उकळले. १९१७ चा सत्याग्रह त्या गांजलेल्या माणसांचा होता. हे माहीत असताना माझी नीळ कोण पिकवतं हे न विचारणं मला बरं वाटेना. घरी येऊन उत्पादकाला फोन केला. शेतकरी दोन पिकांच्या मध्ये ती घेतात, शेंगावर्गीय झुडूप असल्यामुळे जमिनीला नत्र मिळतं आणि रंग काढून झालेला पाला खत म्हणून शेतात परत जातो, असं त्यांनी सांगितलं. नीळ घेणाऱ्या प्रत्येकानं हा एक प्रश्न विचारावा असं मला मनापासून वाटतं.

कोसा भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावचा, विणकराच्या घरूनच घेतला, मीटरला १४०० रुपये. रेशीम दुकानातून घेतलं, सिल्क मार्कचं लेबल बघून. चार धागे काढून जाळून पाहिलं तर आणखी खात्री पटते: केस जळाल्याचा वास आणि बोटांत चुरली जाणारी राख आली तर रेशीम, प्लास्टिकसारखी गाठ झाली तर नाही. लिननही दुकानातलंच. लिनन जवसाच्या झाडाच्या दांड्यातून निघतं. आमच्या विदर्भात जवस घरोघरी चटणीसाठी असतो, धाग्यासाठी नाही. लोकर चंद्रपूरकडच्या एका कुरमार (मेंढपाळ) कुटुंबाकडून ओळखीनं मिळाली, हातानं कातलेली, मळकट पांढरी.

कापडं धुण्यातच जानेवारी उजाडला. हे काम कंटाळवाणं आहे आणि इथेच रंगाचा निकाल लागतो. खादी आणि लिनन धुण्याच्या सोड्यात दोन तास मंद उकळली. स्वच्छ दिसणाऱ्या खादीतूनही चहाच्या रंगाचं पाणी निघालं: खळ, मेण, सुताची चिकट. धुऊन वाळवल्यावर कापडावर पाण्याचा थेंब टाका. तो तत्क्षणी आत गेला पाहिजे. वर मोत्यासारखा थांबला तर पुन्हा उकळा. रेशीम, कोसा आणि लोकर यांना सोडा लावू नका, रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवा. लोकर चोळायची नाही आणि गरमातून एकदम गारात घालायची नाही, आटते. तुकड्यांवर खुणा शाईनं न करता कोपऱ्यात दोऱ्याच्या गाठी मारून केल्या. शाई जाते, गाठ राहते.

संक्रांत झाली आणि नांद लावली. २० लिटर पाण्याला १०० ग्रॅम नीळ, २०० चुना, ३०० फ्रुक्टोज. नीळ कोरडीच पाण्यात टाकली तर तरंगते. म्हणून बरणीत थोडं कोमट पाणी आणि मुलांच्या काचेच्या गोट्या घालून ती गुळगुळीत होईपर्यंत हलवत बसले. पिंपात हात भाजेल इतकं गरम पाणी घेऊन त्यात आधी फ्रुक्टोज, मग नीळ, मग चुना चमच्या-चमच्यानं. लांब काठीनं एकाच दिशेला हळू ढवळायचं, काठी वर न उचलता, म्हणजे हवा आत जात नाही. ढवळून झाल्यावर काठी कडेला टेकवून घ्यायची आणि झाकण लावायचं.

पुस्तकी हिशोबानं तासाभरात नांद लागायला हवी होती. नागपूरची जानेवारीतली रात्र दहा अंशांच्या आसपास उतरते, पिंप गार पडलं आणि सकाळी बरणीत काढलेलं पाणी निळंच होतं. याला घाबरू नका. नीळ कुठे गेलेली नसते, फक्त क्षपण थांबलेलं असतं. खालून दोन पातेली पाणी काढून गरम केलं, परत ओतलं, पिंपाला जुनी गोधडी गुंडाळली आणि ऊन येईल त्या बाजूला सरकवलं. दुपारी झाकण उघडलं तेव्हा वर तांब्याच्या झाकेची साय धरली होती, मधोमध निळ्या फेसाचा पुंजका होता, आणि साय बाजूला सारली की खालचं पाणी कोऱ्या चहासारखं, पारदर्शक. या तीन गोष्टी दिसल्या की नांद तयार. पाणी दुधाळ असेल तर चुना अजून बसलेला नाही, आणखी थांबा. निळं असेल तर ऊब द्या. पट्टीवर पीएच ११ च्या जरा खाली होता.

तळाशी चुन्याचा गाळ असतो, त्याला कापड लागू द्यायचं नाही. मी भाजीची प्लास्टिकची जाळीदार टोपली उलटी करून तळाशी ठेवली, वरून दगड.

पहिली खादी. ओली करून, घट्ट पिळून, कडेकडेनं आत सोडली, म्हणजे बुडबुडे जात नाहीत. पाण्याखालीच घड्या उलगडत राहायचं. सात-आठ मिनिटांनी पृष्ठभागाच्या अगदी लगत पिळून बाहेर काढली. बाहेर आली तेव्हा पोपटी-पिवळी होती. मग काठापासून बदलायला लागली. जिथे हवा आधी लागली तिथे हिरवा, हिरव्याच्या मागे मोरपंखी, त्याच्या मागे निळा, आणि जिथे घडी होती तिथे पिवळ्याच रेषा. घडी सोडवली की त्या रेषाही डोळ्यांसमोर निळ्या होत गेल्या. हातकताईच्या सुतात जिथे जाड गाठ येते तिथे हिरवा सगळ्यांत उशिरा गेला. मी मोजे घातलेले हात तसेच वर धरून उभी होते, खाली ठिबकणाऱ्या पाण्याकडेही लक्ष नव्हतं.

आता मुद्द्याचं. गडद रंग हवा म्हणून कापड नांदेत जास्त वेळ ठेवून उपयोग नाही. गडदपणा बुडव्यांच्या संख्येतून येतो आणि प्रत्येक दोन बुडव्यांच्या मध्ये कापड हवेत पूर्ण निळं झालंच पाहिजे. सुती कापडाला पंधरा-वीस मिनिटं हवा द्या, घड्या उलट्यापालट्या करा. तीन बुडव्यांत आकाशी, सहा-सात बुडव्यांत गर्द निळा. घाईनं लागोपाठ बुडवलेला तुकडा त्या वेळी गडद दिसला आणि धुतल्यावर बराच उतरला.

लिननचा धागा गुळगुळीत आणि ताठ. रंग वरवर धरतो असं पहिल्या दोन बुडव्यांत वाटलं. त्याला आधी रात्रभर पाण्यात भिजवलं तेव्हा फरक पडला. खादीचा निळा मऊ, खोल दिसतो. लिननवर तोच निळा थंड आणि चकचकीत येतो. कुर्त्याला मी खादीच घेईन, पडद्याला लिनन.

रेशमाचं तंत्र वेगळं. ते नीळ फार लवकर घेतं आणि चुना त्याला मानवत नाही. नांदेचा पीएच दहाच्या जवळ उतरेपर्यंत मी थांबले. वापरात नांद आपोआप उतरत जाते, फक्त त्या काळात नवा चुना घालायचा नाही. एकेक बुडवी दोन मिनिटांची, हवा दिल्यावर साध्या पाण्यात धुवायचं, मग पुढची. दोन बुडव्यांत खादीच्या चार बुडव्यांइतका रंग आला. शेवटी पाण्यात थोडं व्हिनेगर घालून त्यात अर्धा तास भिजवलं. तसं न केलेला नमुना हाताला खरखरीत लागतो, चमकही मंदावते.

कोशासाठी खरं तर हे सगळं केलं असं आता म्हणता येईल. कोसा पांढरा नसतो. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या किड्यांचा तो धागा मुळातच मधाळ असतो. त्या पिवळटपणावर नीळ चढली की निव्वळ निळा येत नाही, किंचित हिरवट, धुरकट निळा येतो. एकाच तुकड्यात धाग्याधाग्यावर छटा बदलते, कारण कोशाचा धागा चपटा असतो आणि प्रकाश वेगवेगळा परततो. एका बुडवीवर थांबा. तिसऱ्या बुडवीला कोशाचं कोसापण नीळीखाली जातं आणि मग तो महागडा निळा कपडा तेवढा उरतो. एका बुडवीचा तुकडा मी आंधळगावच्या विणकरदादांना दाखवायला नेला. त्यांनी तो उन्हात धरून उभा-आडवा पाहिला आणि म्हणाले, “ताण्याला रंग कमी लागला, बाण्याला जास्त. ताण्याची खळ अजून आहे.” बरोबर होतं. पुढचा तुकडा रिठ्यात जास्त वेळ ठेवला आणि रंग सारखा बसला.

लोकरीला मूळ नांदेत घालायचं धाडस केलं नाही. गाळ हलू न देता वरचं नितळ पाणी तांब्या बुडवूनच भरून स्टीलच्या पातेल्यात घेतलं, चमचाभर फ्रुक्टोज टाकलं, व्हिनेगरचे थेंब घालत पीएच साडेनऊला आणला आणि ४५ अंशांच्या आसपास कोमट केलं. लोकर त्यात पंधरा मिनिटं शांत पडून राहू दिली. पिळायची नाही, दाबून निथळवायची. पहिल्याच बुडवीत इतका गडद निळा आला की दुसरी दिलीच नाही. मळकट पांढऱ्यात जे करडे केस होते ते जवळजवळ काळे झाले.

महिनाभर नांद चालली. पाणी निळसर दिसायला लागलं की थोडं फ्रुक्टोज आणि ऊब, पीएच दहाच्या खाली गेला की थोडा चुना, आणि ढवळल्यावर त्या दिवशी कापड घालायचं नाही. फेब्रुवारीच्या शेवटी साय धरायची थांबली, रंग फिका येऊ लागला, म्हणजे नीळ संपली.

मार्चमध्ये उरलेल्या नीळीतून तरोट्याची छोटी नांद लावली. पावसाळ्यात आपण ज्याची भाजी खातो तोच तरोटा, कोणी टाकळा म्हणतं. दक्षिणेतले रंगारी त्याच्या बिया पिढ्यान्‌पिढ्या नांदेत घालत आले आहेत. बिया मऊ होईपर्यंत शिजवून, गार करून, पाण्यासकट नीळ आणि चुन्यात मिसळल्या. ही नांद आंबून तयार होते, साखरेच्या भरवशावर चालत नाही. आठवडाभर काहीच झालं नाही, मग वास बदलला, उग्र आणि आंबूस, आणि फेस धरला. नागपूरचं ऊन इथे कामी आलं, गोधडी लागली नाही. शेजारच्यांना आधी सांगून ठेवा, वास खालच्या मजल्यापर्यंत जातो. या नांदेत खादीवर आलेला निळा मला फ्रुक्टोजच्या नांदेपेक्षा आवडला, आणि धुताना पाण्यात कमी उतरला.

शेवटची धुलाई. रंगवलेलं सुती कापड आठवडाभर तसंच वाळू द्या, मग व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा, सौम्य साबणानं धुवा आणि एकदा थोडा वेळ उकळा, म्हणजे वरवर बसलेली नीळ निघून जाते. त्यानंतरही गडद कापड घासलं की पांढऱ्यावर निळं लागतं, पहिले काही धुणे वेगळे ठेवा. सावलीत वाळवा.

संपलेल्या नांदेचं पाणी कुंड्यांना घालू नका. आपली काळी माती आधीच चुनखडीची, क्षारयुक्त आहे, तिला आणखी चुना नको. मी गाळ बसू दिला, नितळ पाण्यात पीएच सातच्या जवळ येईपर्यंत व्हिनेगर घातलं आणि ते बाथरूमच्या मोरीत सोडलं. गाळ ताडपत्रीवर वाळवून कचऱ्यात दिला. गच्चीची फरशी सेक्रेटरी काकांनी येऊन पाहिली आणि अर्जावर ‘तपासले, डाग नाही’ असं लिहून सही केली. पुढच्या वेळच्या परवानगीला तो कागद लागेल, म्हणून जपून ठेवला आहे.

कापड धरून एकूण खर्च ८,५०० रुपयांच्या आसपास झाला, त्यात निम्म्याहून जास्त कापडाचाच. पहिल्यांदा करणाऱ्यांनी एवढं करू नये. पाच लिटरची नांद लावा: २५ ग्रॅम नीळ, ५० ग्रॅम चुना, ७५ ग्रॅम फ्रुक्टोज, आणि फक्त सुती कापड. एवढ्यात दोन उपरणी आणि एक ओढणी आरामात निघते. फेब्रुवारीनंतर लावा, थंडीत ऊब सांभाळण्यातच जीव जातो.